पामवरची पांढरी माशी आणि घाईची फवारणी

नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद, फरीदाबाद, कुठल्याही नव्या सोसायटीच्या फाटकातून आत शिरा, रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाम उभे दिसतील. बॉटल पाम, फॉक्सटेल, फिशटेल आणि बाल्कन्यांमधून अरेकाच्या कुंड्या. वड-कडुनिंबाची सावली मिळायला पंधरा-वीस वर्षं थांबावं लागतं. पाम मात्र वाढवलेला आणून एका दिवसात उभा करता येतो, म्हणून बिल्डरांना तो आवडतो.

मग एखाद्या वर्षी या झाडांखाली लावलेल्या गाड्यांच्या काचांवर चिकट थेंब दिसू लागतात. सकाळी पुसले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. फरशी चपलांना चिकटते. महिन्याभरात खालच्या झावळ्या चुलीजवळ टांगल्यासारख्या काळ्या पडतात आणि झावळी हलवली की पांढरा भुरका उडतो. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर फोटो येतात आणि माळी एका वाक्यात उत्तर देतो, "दवाई मार देंगे, साब." या वाक्याला लगेच हो म्हणू नये, एवढ्यासाठी हा लेख लिहितो आहे. पामवरच्या पांढऱ्या माशीच्या बाबतीत औषध मारण्याची घाई हेच कीड टिकून राहण्याचं मोठं कारण ठरतं, आणि दक्षिण भारतातल्या नारळबागांनी हे गेल्या काही वर्षांत दाखवून दिलं आहे.

पांढरी माशी नावाला माशी आहे. कुळाने ती मावा, तुडतुडे, पिठ्या ढेकूण यांच्या गोतावळ्यातली, सोंड खुपसून पानातला रस पिणारी. जगात तिच्या दीड हजारांहून जास्त जाती आहेत. मादी पानाच्या खालच्या बाजूला अंडी घालते. अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू थोडं अंतर चालतं, जागा निवडतं, सोंड रोवतं आणि मग पंख फुटेपर्यंत तिथून हलत नाही. पानातल्या रसात साखर भरपूर आणि प्रथिनं थोडी, त्यामुळे त्याला पोटापुरत्या प्रथिनांसाठी गरजेपेक्षा कितीतरी जास्त रस प्यावा लागतो. उरलेली साखर ते बाहेर टाकतं. शेतकरी तिला चिकटा म्हणतात. गाडीच्या काचेवर पडतो तो हाच. चिकट्यावर काळी बुरशी वाढते. ती पानात शिरत नाही, वरच काजळीसारखी बसते, पण ऊन अडवते आणि झाडाचं अन्न बनवणं मंदावतं. आपल्याला भिववते ती ही काजळी, आणि खरं तर ती या सगळ्या साखळीतला शेवटचा दुवा आहे.

सध्या पामवर सगळ्यात जास्त चर्चा होते ती चक्राकार पांढऱ्या माशीची. शास्त्रीय नाव ॲल्युरोडायकस रुजिओपरक्युलेटस. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधले जॉन मार्टिन यांनी मध्य अमेरिकेतल्या बेलिझमधून मिळालेल्या नमुन्यांवरून २००४ मध्ये तिचं पहिलं वर्णन केलं. २००९ मध्ये ती अमेरिकेत फ्लोरिडातल्या मायामी परिसरात सापडली आणि तिथल्या रहिवाशांनी गाड्या, पोहण्याचे तलाव आणि अंगणं चिकट झाल्याच्या अगदी याच तक्रारी केल्या. २०१६ मध्ये ती तमिळनाडूत पोल्लाचीच्या नारळबागांमध्ये आढळली. तिथून केरळ, कर्नाटक, आंध्र, पुढे गोवा आणि कोकण. नारळ हे तिचं आवडतं झाड असलं तरी केळी, पेरू, सीताफळ आणि शोभेचे बहुतेक पाम तिला चालतात.

तिची ओळख सोपी आहे. साधी पांढरी माशी जेमतेम मिलिमीटरभर असते, ही त्याच्या अडीच पट, आळशी उडणारी, पंखांवर फिकट तपकिरी पट्टे असलेली. अंडी ती गोल गोल फिरत घालते, त्यामुळे झावळीच्या खालच्या बाजूला मेणाची पांढरी चक्रं उमटतात. दिल्ली-एनसीआरमध्ये पामवर दिसणारी प्रत्येक पांढरी माशी हीच असते असं नाही. तिच्यामागोमाग घरटी पांढरी माशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणखी दोन परक्या जातीही देशात शिरल्या. त्या आकाराने लहान आणि मेणाच्या धाग्यांचं घरट्यासारखं रिंगण करून त्यात बसतात. पण दक्षिणेकडून आलेल्या झाडावर मेणाची चक्रं दिसली तर पहिला संशय मोठ्या माशीवर घ्यावा.

त्याआधी ही पांढरी माशीच आहे ना, याची खात्री करायला हवी. दिल्लीत घरातल्या अरेकाची पानं उन्हाळ्यात धुरकट, ठिपकेदार होतात ती बहुतेक वेळा कोळी नावाच्या किडीमुळे. पानाखाली पांढरा कागद धरून झटका द्या. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले आणि पानांच्या बेचक्यात बारीक जाळी दिसली, तर तो कोळी. कापसाचे बोळे चिकटल्यासारखे दिसले आणि काहीच उडालं नाही तर पिठ्या ढेकूण. तपकिरी कवच नखाने खरवडून निघत असेल तर खवले कीड. आणि फक्त खालची जुनी पानं टोकाकडून पिवळी-नारिंगी होत असतील, चिकटा नसेल, तर बऱ्याचदा कीड नसतेच. जमिनीत पालाश कमी पडलेलं असतं आणि त्यावर फवारणी करून काहीही साधत नाही.

पोल्लाचीत कीड दिसल्यावर शेतकऱ्यांनी हाताला येईल ते औषध मारायला सुरुवात केली होती. उंच नारळावर ते नीट पोचत नव्हतं. पोचलं तरी पानाच्या वरच्या बाजूवर, आणि कीड खाली. त्याच वेळी बंगळुरूची राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो ही संस्था आणि कासरगोडची केंद्रीय लागवड पीक संशोधन संस्था यांचे शास्त्रज्ञ पानं उलटून पाहत होते. त्यांना पिल्लांच्या कवचांवर बारीक गोल छिद्रं दिसली. ही छिद्रं होती एन्कार्सिया ग्वाडेलुपे नावाच्या गांधीलमाशीच्या जातकुळीतल्या कीटकाची. लांबी मिलिमीटरपेक्षाही कमी. ती माणसाला डंख मारत नाही, आपण तिला साध्या डोळ्यांनी धड पाहूही शकत नाही. ती पांढऱ्या माशीच्या पिल्लात अंडं घालते, तिची अळी पिल्लाला आतून खाऊन मोठी होते आणि कवचाला गोल भोक पाडून बाहेर पडते.

ती भारतात आली कशी, ही हकिगतही सांगण्याजोगी आहे. १९९३ च्या सुमारास केरळात चक्राकार पांढऱ्या माशीची एक जवळची बहीण शिरली होती. टॅपिओका आणि पेरूवर तिने हाहाकार माजवला. महाराष्ट्रातही पेरूच्या पानांखाली पांढरं मेण दिसतं ते बहुधा तिचंच. तिच्यामागोमाग कुणी न बोलावता एन्कार्सियाही देशात पोचली. शतक संपता संपता लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर शास्त्रज्ञांना ती सापडली आणि त्यांनी ती मुख्य भूमीवर आणून सोडली. म्हणजे २०१६ मध्ये नवा शत्रू आला तेव्हा जुना मित्र इथेच होता. ज्या बागांमध्ये विषारी फवारणी थांबवली, तिथे काही महिन्यांत निम्म्याहून जास्त, काही ठिकाणी ८० टक्क्यांपर्यंत पिल्लं या कीटकाने ग्रासलेली आढळली. ज्यांनी फवारणी चालू ठेवली त्यांच्या बागेत माशी पुन्हा पुन्हा उसळत राहिली. कारण उघड आहे. माशीचं पिल्लू मेणाच्या पांघरुणाखाली बसलेलं असतं, एन्कार्सिया उघड्यावर फिरते. औषधाने आधी मरते ती एन्कार्सिया.

पुणेकर वाचकांना पपईवरचा पिठ्या ढेकूण आठवत असेल. २००८ मध्ये कोइमतूरला दिसलेली ती कीड दोन वर्षांत पुण्याच्या बागांपर्यंत आली. औषधांनी हटली नाही. २०१० मध्ये पोर्तो रिकोहून ॲसेरोफॅगस पपायी नावाचा असाच एक सूक्ष्म परजीवी आणून सोडला गेला आणि काही महिन्यांत कीड आटोक्यात आली. सूक्ष्म कीटकांनी मोठं काम केल्याचं इतकं ताजं, आपल्याच मुलखातलं उदाहरण समोर असताना आपण अजूनही पंप आधी का उचलतो, याचा मला खरोखर विषाद वाटतो.

पंप उचलण्याची किंमत दिल्लीच्या शेजारीच मोजली गेली आहे. २०१५ मध्ये पंजाबात कापसावर पांढरी माशी (तिची जात वेगळी) इतकी माजली की पिकाचा मोठा हिस्सा गेला. शेतकऱ्यांनी पुन्हा पुन्हा फवारण्या करूनही ती हटली नाही. पांढऱ्या माशीची पिढी महिन्याभरात बदलते आणि औषध पचवणाऱ्या माश्याच पुढची पिढी जन्माला घालतात. दुसरी किंमत माणसांनी मोजली. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. एनसीआरच्या सोसायटीत पाठीवर पंप घेऊन, तोंडाला जेमतेम गमछा बांधून, डोक्याच्या वर असलेल्या झावळ्यांवर औषध उडवणारा माळी त्याच धोक्यात उभा असतो. उंचावर फवारलेलं औषध त्याच्याच डोळ्यांत, श्वासात परत येतं. आणि खाली मुलं खेळत असतात.

इमिडाक्लोप्रिडसारखं मुळातून झाडभर पसरणारं औषध कुंडीत ओतणं सोपं वाटतं. फ्लोरिडात शोभेच्या झाडांवर या गटातली औषधं वापरली गेली हे खरं. पण हे औषध परागकणांत आणि मधातही उतरतं आणि पामच्या फुलोऱ्यावर मधमाश्यांची झुंबड असते. युरोपीय संघाने २०१८ मध्ये या औषधाचा उघड्यावरचा वापर बंद केला तो मधमाश्यांसाठीच. आपल्याकडे कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे आणि कोणतं औषध कोणत्या पिकावरच्या कोणत्या किडीसाठी वापरायचं, याची नोंदणी करणारं केंद्रीय मंडळ फरीदाबादलाच आहे. दुकानदाराने "सब पे चलता है" म्हणून हातात दिलेल्या बाटलीच्या लेबलवर आपल्या झाडाचं नाव आहे का, एवढं तरी वाचून घ्यावं.

मग करायचं काय? सगळ्यात परिणामकारक गोष्ट फुकट आहे, ती म्हणजे पाणी. झावळीच्या खालच्या बाजूवर पाइपने जोराची धार मारली की माश्या, अंड्यांची मेणाची चक्रं, चालती पिल्लं आणि चिकटा बराचसा धुऊन जातो. आठवड्यातून एकदा, तीन-चार आठवडे सलग. सकाळी, म्हणजे दुपारपर्यंत पान सुकतं. शेंड्यातल्या न उमललेल्या कोवळ्या पानावर मात्र धार नको. तिथे पाणी साचून शेंडा सडला तर पाम मरतो, कारण त्याला वाढीचा डोळा एकच असतो. दिल्लीत धुण्याला आणखी एक कारण आहे. बांधकामाची आणि रस्त्याची धूळ पानांवर थर धरून बसते आणि धुळकट पानावर एन्कार्सियासारख्या बारीक कीटकांना हिंडून शिकार शोधता येत नाही. उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते तेव्हा बादलीभर पाण्यात फडकं भिजवून अरेकाची पानं खालून पुसली तरी चालतं. विसाव्या मजल्यावरच्या बाल्कनीत तर हाच मार्ग बरा.

धुऊनही माशी राहिली तर कडुनिंबाचं तेल, लिटरभर पाण्याला ५ मिली, आणि ते पाण्यात मिसळावं म्हणून पातळ साबणाचे थोडे थेंब. नीट ढवळून, पानाच्या खालच्या बाजूला, संध्याकाळी. मे-जूनच्या उन्हात तेल लावलेलं पान करपतं, म्हणून आधी एका झावळीवर मारून दोन दिवस पाहावं. पंधरा दिवसांनी पुन्हा. याने कीड समूळ जात नाही, तिचा जोर ओसरतो, आणि आपल्याला हवं तेवढंच आहे. थोडी माशी शिल्लक राहिली नाही तर एन्कार्सिया उपाशी मरेल. हे मान्य करणं सोसायटीच्या बैठकीत सगळ्यात अवघड जातं.

काजळीसाठी कासरगोडच्या संस्थेने सुचवलेला उपाय घरगुती आहे. एक टक्का स्टार्चचं पाणी, म्हणजे लिटरभर पाण्यात १० ग्रॅम स्टार्च शिजवून, गाळून, थंड करून काळ्या पानांवर फवारायचं. ते वाळलं की पापुद्रा सुटतो आणि त्याबरोबर काजळीही निघते. दिल्लीच्या कोरड्या हवेत वाळायला वेळ लागत नाही. केरळात तर ही काजळी खाऊन पानं स्वच्छ करणारा एक भुंगेराही शास्त्रज्ञांना नारळावर सापडला, लायोक्रायनस निलगिरियानस. ओरखडाही न काढता तो पान साफ करतो.

पिवळे चिकट सापळे प्रौढ माश्या पकडतात, पण त्यावर मित्रकीटकही चिकटतात. कीड आली की नाही हे कळण्यासाठी एक-दोन सापळे पुरेत, झाडभर टांगू नयेत. पांढऱ्या माशीला रोगी करणारी बुरशीही आहे, कॉर्डिसेप्स फ्यूमोसोरोसिया, जुनं नाव आयझेरिया. तिचा एक चांगला वाण बंगळुरूच्या ब्युरोने दिला आहे. पण या बुरशीला दमट हवा लागते. दिल्लीत मे महिन्यात ती फवारणं म्हणजे पैसे उन्हात वाळत घालणं. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत, पाऊस उघडलेल्या संध्याकाळी ती कामाला येते, आणि तिच्यासोबत रासायनिक बुरशीनाशक मारलं तर तीच मरते.

पावसाळ्याच्या शेवटी डेंग्यूसाठी धूरफवारणी होते. डासांचा बंदोबस्त व्हायलाच हवा. मात्र धुराचं यंत्र पामच्या रांगेखालून नेलं तर त्या धुरात एन्कार्सिया आणि ढालकिड्यांसारखे इतर मित्रकीटकही सापडतात, म्हणून साचलेलं पाणी काढण्यावर भर द्यावा आणि धूर खरोखर लागेल तिथेच करावा. थंडीत पारा चार-पाच अंशांवर आला की माशीची वाढ मंदावते, जानेवारीत झाड स्वच्छ दिसतं. त्याला उपाय लागू पडला असं समजू नये. फेब्रुवारीच्या अखेरीपासून पानं पुन्हा उलटून पाहायला लागावं.

झावळ्या छाटण्याबद्दल दोन शब्द. नारळाला वर्षभरात बारा-चौदा झावळ्या येतात, शोभेच्या बऱ्याच पामना त्याहून कमी. काळी पडलेली म्हणून हिरवी झावळी तोडत गेलं तर शेंड्यावर दोन-चारच उरतात आणि झाड वर्षभर अशक्त राहतं. सगळ्यात खालची, पूर्ण वाळत आलेली तेवढीच काढावी. छाटलेल्या झावळ्यांवर एन्कार्सियाने ग्रासलेली कवचं असतील तर त्या एक-दोन आठवडे झाडाजवळच ठेवाव्यात, म्हणजे आतले कीटक बाहेर पडून पुन्हा झाडावर जातील. युरियाचा मारा करू नये. लुसलुशीत, नत्राने फुगलेलं पान रस पिणाऱ्या किडीला फार आवडतं. दक्षिणेत नारळबागेत केळी आणि कर्दळ मुद्दाम ठेवायला सांगतात. त्यांच्यावर थोडी माशी बसते आणि तिच्या आधाराने एन्कार्सियाचा संसार चालू राहतो. कर्दळ तर दिल्लीच्या बागांमध्ये जागोजाग आहे. तिच्यावर पांढरं मेण दिसलं म्हणून ती उपटून टाकू नये.

आणि ही कीड इथवर येते कशी? उडून नाही, ट्रकमधून येते. आंध्र प्रदेशात गोदावरीच्या काठी राजमहेंद्रीजवळ कडियम आहे. देशातल्या सर्वांत मोठ्या नर्सरी-वसाहतींपैकी ती एक. शोभेचे पाम तिथून देशभर जातात, आणि चक्राकार पांढरी माशी त्या पट्ट्यात आधीच पोचलेली आहे. परदेशातून येणाऱ्या रोपांची तपासणी करणाऱ्या यंत्रणेचं मुख्यालय फरीदाबादला आहे, त्यासाठी २००३ चा आयात आदेशही आहे. देशांतर्गत वाहतुकीवरची बंधनं मात्र मोजक्या किडींपुरती आहेत. आंध्रातून निघालेला पाम जवळपास दोन हजार किलोमीटरवर नोएडात उतरतो तेव्हा त्याची झावळी उलटून पाहणारा माणूस आपल्यालाच नेमावा लागेल. सोसायटीने नर्सरीला ऑर्डर देताना "पांढऱ्या माशीचा प्रादुर्भाव नसलेली रोपं, उतरवून घेताना तपासणी" ही अट लिहून घ्यावी. नवी झाडं तीन-चार आठवडे जुन्यांपासून वेगळी ठेवावीत. या एका अटीचा खर्च शून्य आहे आणि ती वर्षानुवर्षांची फवारणी वाचवू शकते.

तरीही माशी आलीच, आणि सोसायटीत फवारणीचं कंत्राट देण्याचा विषय निघाला, तर एक काम आधी करा. दहा झाडांच्या खालच्या झावळ्यांचे तुकडे आणा आणि साध्या भिंगाखाली रिकामी कवचं पाहा. माशी स्वतः बाहेर पडली असेल तर कवचावर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर असते. एन्कार्सिया बाहेर पडली असेल तर गोल भोक. दहा कवचांपैकी तीन-चार जरी गोल भोकाची निघाली, तरी ते कंत्राट देऊ नका. पाइप घ्या, झाडं धुवा आणि दोन महिने थांबा.